जोडचकतीत न मावलेले शब्द

जन्मापासून माझ्या अंगावर बत्तीस इंग्रजी शब्द ठोकलेले आहेत. तरीही मित्रांनो, मला इंग्रजी येते असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मी एक चकती आहे. नेमके सांगायचे तर दोन चकत्या, एकीवर एक ठेवून मधोमध पितळी पिनेने जोडलेल्या. मागची मोठी चकती फिरते, पुढची लहान चकती स्थिर राहते. पुढच्या चकतीवर एक बाण आहे आणि त्याखाली तीन खिडक्या. मागच्या चकतीच्या कडेवर आठ क्रियापदे आहेत. त्यांपैकी एखादे बाणासमोर आणले, की त्याच्याशी ज्यांचे जमते असे तीन शब्द खिडक्यांतून डोकावतात. 'कीप' आणा, पहिल्या खिडकीत 'प्रॉमिस', दुसरीत 'सीक्रेट', तिसरीत 'डिस्टन्स'. आपण वचन पाळतो, गुपित राखतो आणि अंतर ठेवतो. इंग्रजीत या तिन्ही कामांना एकच क्रियापद पुरते. असे का, हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून पडलेला आहे आणि म्हातारपणी तो कमी झालेला नाही.

माझा जन्म एका तंत्रविद्यालयाच्या कर्मशाळेत झाला. जोडारीकामाचे, म्हणजे फिटरच्या कामाचे, जे निदेशक होते त्यांनी मला घडवले. सगळे त्यांना मास्तर म्हणत. शिकवायला लागण्यापूर्वी दहा वर्षे त्यांनी एका कारखान्याच्या बॉयलरघरात काढली होती. यंत्रांच्या पुस्तकांतले इंग्रजी ते घडाघडा वाचत. माणसांच्या इंग्रजीशी मात्र त्यांचा संबंध आला नव्हता.

तो संबंध आणला इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंनी. एके दिवशी हातात वह्यांचा गठ्ठा घेऊन त्या कर्मशाळेत आल्या.

"मास्तर, तुमच्या मुलांनी लिहिलंय बघा. 'डू फ्रेंडशिप.' मैत्री करणे, म्हणून यांनी 'डू' लावला. ही मुलं उद्या परक्या देशांत कामाला जाणार. तिथे मैत्री करत नाहीत, मित्र बनवतात."

"मित्राला बनवतात?" मास्तरांनी कानस खाली ठेवली. "म्हणजे फसवतात?"

"बघा, तुमचीच ही गत. कोणत्या शब्दाला कोणता शब्द लागतो हे फिरवून दाखवेल असं काहीतरी करून द्या मला. नातीगोती, मैत्री, भांडणं, एवढ्यापुरतंच."

मास्तरांनी ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे दोन तुकडे घेतले. चकत्या लेथवर कातल्या, खिडक्या कापून कानशीने साफ केल्या आणि अक्षरांच्या ठशांनी एकेक अक्षर हातोडीच्या घावाने उमटवले. प्रत्येक घावाला मी विचारीत असे, हे काय लिहिता आहात? घाव उत्तर देत नसत. 'हार्ट' या शब्दाचे पहिले अक्षर किंचित तिरपे पडले. ते पुसता येण्याजोगे नव्हते, म्हणून मास्तर त्या दिवशी कोणाशी धड बोलले नाहीत.

बाईंनी दिलेल्या यादीत काही अगदी लहान शब्दही होते: इन, आउट, अप, विथ. मास्तरांनी त्यांच्यावर लाल पेन्सिल ओढली.

"हे का गाळले?" बाईंनी विचारले.

"किरकोळ माल आहे. दोन-दोन, चार-चार अक्षरांचे शब्द. यांनी काय फरक पडतो?"

"मास्तर, सगळं त्यांच्यावरच टांगलेलं असतं."

"टांगायचं असेल तर खुंटी करून देतो. खिडकीची रुंदी बावीस मिलिमीटर आहे, त्यात एकच शब्द बसतो."

बाई हसल्या, आणि मला घेऊन गेल्या. 'जोडचकती' हे नाव त्यांनीच ठेवले.

पुढची चौदा वर्षे मी वर्गात काढली. त्या वर्षांचा मला अभिमान आहे. तेलाने माखलेले अंगठे माझ्या कडेवर फिरत आणि प्रश्नांना उधाण येई. एकाने विचारले, "बाई, 'ब्रेक'समोर 'हार्ट' आलं, 'प्रॉमिस' आलं, ते कळलं. पण 'सायलेन्स' का? शांतता काय काचेची असते?" दुसऱ्याने विचारले, "प्रेमात पडतातच का? चालत जाता येत नाही?" त्यावर बाई म्हणाल्या, "आपलं प्रेम तर जडतं. दुखणंही जडतं. तेव्हा तू जपून." वर्ग हसला. मी मात्र त्या रात्री कपाटात त्याच विचारात होते. आपल्याकडे लळा लागतो, जीव लावतात, सूत जुळते, खटके उडतात. हे सारे कोणी ठरवले? लळा जडत का नाही आणि खटके लागत का नाहीत? कोणत्या कर्मशाळेत या जोड्या बसवल्या गेल्या?

मास्तरांचा मुलगा त्याच विद्यालयात शिकला. माझ्यावरून त्याचा अंगठा इतक्या वेळा फिरला, की 'मेक' या शब्दाशेजारची कड आजही इतर जागांपेक्षा गुळगुळीत आहे. शिक्षण संपताच तो दूरच्या देशात मोठ्या यंत्रांच्या दुरुस्तीच्या कामावर गेला.

त्यानंतर तीन वर्षांनी जे घडले, ते बाईंच्या काखेत असताना मी ऐकले. बाई वर्गाकडे निघाल्या होत्या आणि मास्तर समोरून येत होते.

"अभिनंदन, मास्तर. सासरे झालात."

"कोणाचा?"

बाई थबकल्या. "म्हणजे... त्याने तुम्हाला कळवलं नाही?"

"तुम्हाला कधी कळवलं?"

"गेल्या मंगळवारी पत्र आलं. लग्नाची नोंदणी करताना चार वाक्यं इंग्रजीतून बोलायची होती. ती तपासून हवी होती त्याला. मला वाटलं, घरी सगळं ठाऊक असणार."

मास्तरांनी हातातली मोजपट्टी खिशात घातली, काढली आणि पुन्हा घातली. मुलाचा दूरध्वनी आठ दिवसांनी आला. आधी सांगितले असते तर बाबांनी नकार दिला असता, अशी त्याला भीती होती, म्हणून लग्न उरकून मग सांगायचे ठरवले, असे त्याने कबूल केले. मास्तर म्हणाले, "काम पूर्ण झाल्यावर निदेशकाला कळवायचं, तर निदेशक हवा कशाला? यापुढे मी तुझ्याशी बोलणार नाही."

मास्तर शब्दाचे पक्के होते. तो शब्द त्यांनी सहा वर्षे पाळला. माझ्या पहिल्या खिडकीत 'प्रॉमिस' येतो तो याच जातीचा का, हे मला कोणी सांगितले नाही. बाईंशीही ते बोलेनासे झाले, कारण ती बातमी त्यांना बाईंच्या तोंडून ऐकावी लागली होती.

त्याच वर्षी मास्तर निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी बाईंनी मला कागदात गुंडाळून त्यांच्या टेबलावर ठेवले आणि त्या निघून गेल्या. अशी मी मास्तरांच्या घरी आले. मित्रांनो, घरात माझा उपयोग काय? मास्तरांच्या पत्नीने थोडा विचार केला आणि मला स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, गरम पातेल्याखाली ठेवले. रोजच्या चटक्यांनी 'लव्ह' काळा पडला, पिनेत कोंडा साचला आणि मी फिरेनाशी झाले. माझी तक्रार नाही. पातेल्याखालून घर फार चांगले ऐकू येते.

दर रविवारी मुलाचा दूरध्वनी येई. आई बोलत असे. मास्तर त्या वेळी तेलाची बुधली घेऊन बिजागऱ्यांना तेल घालीत. आधी स्वयंपाकघराच्या दाराच्या, कारण तिथून बोलणे स्पष्ट ऐकू येई. सहा वर्षांत त्या घरातील एकाही बिजागरीला कुरकुरण्याची संधी मिळाली नाही.

"मुलगा विचारत होता, बाबांची पाठ कशी आहे," पत्नी सांगे.

"त्याला सांग, विचारू नकोस."

"तुम्हीच सांगा की."

यावर मास्तर दुसऱ्या खोलीतील बिजागरीकडे वळत.

आणि मग एका गुरुवारी टपालाने एक पत्र आले. ते सुनेचे होते, हाताने लिहिलेले, इंग्रजीत, मास्तरांच्या नावे. सुनेला मराठी येत नव्हते. मास्तरांच्या पत्नीला इंग्रजी येत नव्हते. मास्तरांना येत होते ते यंत्रांचे. बाईंना विचारणे शक्य होते, पण त्यांच्याशी बोलणे बंद होते. मास्तरांनी पातेले उचलून बाजूला ठेवले, मला घासून पुसले आणि पिनेत दोन थेंब तेल सोडले. सहा वर्षांनी मी फिरले. टेबलावर पत्र, कोरा कागद, पट्टी, पेन्सिल आणि मी, असा सरंजाम मांडून ते बसले.

पत्रात तीनच वाक्ये होती. पहिले वाक्य असे: सिन्स युअर सन फेल आउट विथ यू, ही इज नॉट हिमसेल्फ.

"'फेल'. हे नापास होणारं फेल नव्हे," मास्तर स्वतःशीच म्हणाले आणि त्यांनी मला फिरवून 'फॉल' बाणासमोर आणले. "'फॉल' म्हणजे पडणे. त्याचा भूतकाळ. 'फेल आउट'. बोल्ट सैल झाला की भोकातून बाहेर पडतो, त्याला पुस्तकात हेच लिहितात." पेन्सिल थांबली. "अगं, हा पडलाय कुठूनतरी."

पत्नी पदराला हात पुसत आली. "कोण पडलाय?"

"थांब. 'विथ यू' हे सौजन्यापुरतं असेल, सोडून देऊ. 'नॉट हिमसेल्फ'. तो स्वतः नाही." मास्तरांचा आवाज उतरला. "पडल्यापासून शुद्धीवर नाही."

दुसरे वाक्य होते: इट ब्रेक्स माय हार्ट. त्यांनी मला 'ब्रेक'वर आणले आणि खिडकीत तिरप्या अक्षराचा 'हार्ट' आला. जोडी बरोबर बसली. माझ्या आयुष्यात जोडी बरोबर बसल्याचा मला एवढा पश्चात्ताप कधी झाला नव्हता.

तिसरे वाक्य होते: प्लीज मेक अप.

'मेक'समोर माझ्याकडे काय होते? 'फ्रेंड्स', 'पीस', 'प्रॉमिस'. 'अप' नव्हता. तो लाल पेन्सिलीखाली गेला होता. मी माझ्या तिन्ही खिडक्या उघड्या टाकून बसले होते आणि हवा तो शब्द माझ्यात नव्हता. मास्तरांनी मग बॉयलरघरातील दहा वर्षे आठवली.

"मेक-अप वॉटर. बॉयलरमधलं पाणी वाफ होऊन कमी होतं, तेवढं वरून भरून काढतात. कमी पडलेलं भरून काढा, असं म्हणतेय ती. शरीरात काय कमी पडतं?" त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "रक्त. त्याला रक्त हवंय. जवळच्या माणसाचं."

पत्नीने पत्राचे पाकीट उचलले. तिला इंग्रजी येत नसले तरी टपालाच्या शिक्क्यावरील आकडे येत होते. शिक्का सतरा दिवसांपूर्वीचा होता. मुलाशी ती गेल्याच रविवारी अर्धा तास बोलली होती, आणि तो नव्या पडद्यांच्या रंगावरून कुरकुरत होता. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. तिने पाकीट उलटे करून टेबलावर ठेवले.

"तुझं बोलणं होतं ना त्याच्याशी? काही बोलला का?" मास्तरांनी विचारले.

"रविवारी झालं होतं. आज वार कोणता?"

"गुरुवार."

"मग आजचं मला काय ठाऊक? विचारायला हवं."

"तू विचार."

"पत्र कोणाच्या नावे आहे?"

मास्तरांनी मोबाइल हातात घेतला, पण नंबर त्यांना पाठ नव्हता. पत्नीने तो न बघता लावला, स्पीकर सुरू केला आणि मोबाइल माझ्याशेजारी ठेवला. घंटा चार वेळा वाजली. मास्तरांनी एका हाताने टेबलाची कड धरली होती आणि दुसरा हात माझ्यावर होता.

"हां, आई."

मास्तर मोबाइलकडे वाकले.

"आई? बोल ना. आज मधेच कसा फोन?"

"कुठून पडलास?" मास्तर म्हणाले.

पलीकडे काहीतरी भांडे ठेवल्याचा आवाज झाला. "...बाबा?"

"कुठून पडलास ते सांग. किती उंचीवरून?"

"बाबा, मी जेवतोय."

"शुद्धीवर आहेस?"

"आत्तापर्यंत होतो. बाबा, तुम्ही बरे आहात ना? आई कुठे आहे?"

"आईला काय झालंय? ती समोर उभी आहे. रक्त लागणार आहे ना? माझा गट तोच आहे, मी येतो. पासपोर्टला किती दिवस लागतात तेवढं सांग."

"रक्त कोणाला लागणार आहे?"

"तुझ्या बायकोने लिहिलंय. फेल आउट. नॉट हिमसेल्फ. सगळं लिहिलंय तिने, लपवू नकोस."

मग मुलाचा आवाज आला, अगदी हळू.

"बाबा, ते पडण्याचं नाही. फेल आउट विथ यू म्हणजे तुमच्याशी बिनसलं. आपलं बिनसलं, ते."

"बिनसलं?"

"हो. आणि तेव्हापासून मी पहिल्यासारखा नाही, असं तिचं म्हणणं आहे."

मास्तर हळूहळू खुर्चीत बसले. कागदावर त्यांनी स्वच्छ अक्षरांत 'पडला', 'बेशुद्ध', 'रक्त' असे लिहिले होते. ते त्याकडे पाहत राहिले. मला वाटले, आता ते ताडकन उठतील. चूक उघडी पडली होती, मुलगा धडधाकट होता, आणि दिलेला शब्द मोडला गेला होता. मोबाइलवरील लाल खूण त्यांच्या बोटापासून दोन इंचांवर होती. त्यांचे बोट हललेही.

"मग बिनसलं असं सरळ लिहायचं ना," ते म्हणाले.

"तिला मराठी कुठे येतं?"

"सहा वर्षांत शिकवलं नाहीस?"

"कोणासाठी शिकवू, बाबा? आईशी ती हसून भागवते. तुम्ही तर बोलतच नव्हता."

मास्तरांनी मान खाली घातली. पत्नीने ओट्याकडे तोंड फिरवले आणि रिकामेच पातेले विसळायला घेतले.

"आणि शेवटचं ते मेक अप?" त्यांनी विचारले.

"भांडण मिटवा. एवढंच."

"बॉयलरमध्ये त्याचा अर्थ वेगळा आहे. कमी झालेलं भरून काढणे."

"तोही चालेल, बाबा."

"मला आधी का नाही सांगितलंस?" हे मास्तरांनी सहा वर्षे मनात धरून ठेवलेले वाक्य असावे, कारण ते म्हणताना त्यांचा आवाज निदेशकाचा राहिला नव्हता.

"घाबरलो होतो. चुकलं माझं. तेव्हाच म्हणायला हवं होतं, पण तुम्ही ऐकून घेतलं नाहीत."

"हं." मास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "जेव आता. निवतंय. जेवण झालं की कर फोन. मला कर, आईला नको."

त्या संध्याकाळी मास्तर मला पिशवीत घालून बाईंच्या घरी गेले. दार बाईंनीच उघडले.

"बाई, 'अप' हवा होता," मास्तर म्हणाले.

"या, बसा. आणखी काय काय हवं होतं?"

"'आउट' आणि 'विथ'. विशेषतः 'विथ'. तो मी सौजन्य समजून सोडून दिला."

बाई इतक्या हसल्या की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. मास्तरांना आधी राग आला, मग तेही हसू लागले. नंतर दोघांनी मिळून यादी केली. आठवड्याभरात माझ्या पुढच्या चकतीवर एक अरुंद, सरकती पट्टी बसली. तिच्यावर दहा लहान शब्द आहेत. 'गेट' आणि 'अलाँग' जुळले की पटते, 'ड्रिफ्ट' आणि 'अपार्ट' जुळले की दोन माणसे न भांडताच लांब जातात. या शेवटच्या जोडीला मराठीत नेमके काय म्हणावे, यावर मास्तर आणि बाई यांचे अजून एकमत झालेले नाही. मला तर वाटते, ते होऊ नये. त्या निमित्ताने दोघे भेटतात.

पुढच्या वर्षी मुलगा आणि सून आले. सून उंच होती, जिज्ञासू होती आणि सोबत वही बाळगून होती. मुलाने तिला वर्षभर मराठी शिकवले होते. ती तासन्‌तास मला घेऊन बसे, आणि प्रथमच कोणी मला उलट्या बाजूने विचारू लागले.

"बाबा, रुसवा काढतात?" तिने विचारले. "आतून बाहेर?"

"काढतात. काट्यासारखा."

"समजूत घालतात. कुठे घालतात?"

"ते अजून मलाही कळलेलं नाही," मास्तर म्हणाले. "लिहून ठेव. बाईंना विचारू."

तिने वहीचे पान उलटले. "अबोला धरतात. हातात?"

मास्तर थांबले. मुलाने मान वर केली. ओट्यावरचा पातेल्यांचा आवाजही थांबला.

"हो, हातात," मास्तर म्हणाले. "घट्ट."

"आणि मग सोडतात. आधी कोण सोडतो?"

"ज्याचा हात आधी दुखतो, तो."

तिने ते वहीत लिहून घेतले. मुलाने उठून वडिलांच्या पाठीमागे उशी सरकवली, आणि मास्तरांनी ती नीट करून घेतली.

मित्रांनो, आता मी पातेल्याखाली नसते. भिंतीवर, हाताला येईल अशा उंचीवर असते, आणि पिनेत महिन्यातून एकदा तेल पडते. तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू फिरेनाशी झाली असेल तर तिला आधी दोन थेंब तेल देऊन पाहा. टाकून देण्याचा विचार त्यानंतर करा. आणि ज्या माणसाशी तुमचे बोलणे राहून गेले आहे, त्याच्याशी बोलण्यासाठी योग्य शब्दांची जोडी सापडण्याची वाट पाहत बसू नका. हे मी सांगते आहे, जिचे आयुष्य योग्य जोड्या दाखवण्यात गेले. वाक्य चुकले तर समोरचा माणूस ते दुरुस्त करील. पण त्यासाठी त्याला ते ऐकू यायला हवे.